इवायाला लिहावं तसं

आमदाराला पत्र कसं लिहावं हे मला माझ्या आत्यानं शिकवलं, तेही एका वाक्यात. "इवायाले लिहितो नं आपन, तसं लिहा लागते." इवाई म्हणजे व्याही, आपल्या पोरीचा सासरा. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसलेली. डोकं गरम, अन् जीभ त्याहून गरम. मी फाडकन विचारलं, "आमदार कुठून आला आपला इवाई? काहीतरीच बोलून राहिली तू." तशी ती हसली. "पागल पोट्टी! आपलं मत त्याच्या घरी देलं का नाई? मंग पोरगीच देली समज. पाच वर्सं आता ते तिथंच नांदन. इवायाले शिव्या देऊन जमते का? नाई जमत. त्याच्या पाया पडून जमते का? तेबी नाई जमत. पोरगी आपली हाय, घर त्याचं हाय. तवा मान पुरा द्याचा, आन आपलं म्हननं सोडाचं नाई."

आत्या माझ्या बापाची धाकटी बहीण, पांढुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स. आम्ही सौसरजवळच्या बोरगावचे, दुसऱ्याच्या वावरात राबणारे; तिच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीचा तोरा तिच्यापेक्षा आम्हालाच जास्त. तोंडात सुपारी, काखेत छत्री, अन् आवाज असा की वॉर्डातली बाळं रडायची थांबायची. पांढुर्ण्यातली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. बाजारात एखादा नुकती मिसरूड फुटलेला शेठजीचा पोरगा गादीवर ऐटीत बसलेला दिसला की ही चारचौघांत म्हणणार, "काय गा, बरा हायेस नं? पायाकडून आला होता तू, लय तरास देला मायले." तो बिचारा लाजून भाव कमी करून टाकायचा. तिच्याबरोबर बाजाराला जायला मला फार आवडायचं.

पत्रं लिहायचा तिला नादच होता. नळाला पाणी नाही, दवाखान्याच्या फाटकापुढं अंधार आहे, असं काही दिसलं की ड्यूटी संपल्यावर ती तिथल्याच बाकावर बसायची अन् लिहायची. नगरपालिकेच्या मेंबरापासून खासदारापर्यंत कोणी सुटला नाही. तिच्या पोरीच्या पहिल्या बाळंतपणाला तिचा खराखुरा इवाई अडून बसला होता, सुनेला माहेरी धाडत नव्हता. आत्यानं त्याला लिहिलेलं पत्र मी वाचलं आहे. आधी त्याच्या आजारी बैलाची चौकशी, अन् बैल खरंच आजारी होता. मग एकच गोष्ट, पोरीला धाडा. अन् शेवटी, येत्या बाजाराच्या दिवशी मी स्वतः बैलांची दमणी घेऊन येते, आमच्यासाठी स्वयंपाकाची तसदी घेऊ नये. ना रडणं, ना धमकी. इवायानं पोरगी तर धाडलीच, वर संत्र्यांचं टोपलं दिलं. अशी बाई आपली आत्या आहे याचा मला केवढा गर्व वाटायचा, काय सांगू.

तर त्या साली प्रश्न माझ्या मायचा होता. बाप माझ्या लहानपणीच गेला, घरात आम्ही दोघीच. कापूस वेचून झाला, संत्र्यांचा तोडा उरकला की आमच्याकडं कामाचा ठणठणाट, तो थेट पेरणीपर्यंत. दर साली माय त्या महिन्यांत सीमेपलीकडं, महाराष्ट्रात, आपल्या सख्ख्या बहिणीच्या गावी जायची. तिथं सरकारी रोजगार हमीचं काम निघायचं. माती खोदायची, बांध घालायचा. सोबत शेजारीणही जायची, मायची जिवाची मैत्रीण. त्या साली तिथल्या हजेरी मांडणाऱ्या मस्टरवाल्यानं गावं विचारली अन् इकडच्या साऱ्या बाया परत धाडल्या. त्याला तरी काय म्हणावं? ते काम तिथल्याच लोकांसाठी होतं. दोघी रिकाम्या हातानं परत आल्या अन् दुसऱ्याच दिवशी मुकादमाला हो म्हणून बसल्या. हा मुकादम ट्रक भरून माणसं न्यायचा, दूर जबलपूरच्याही पलीकडं, दगडाच्या खदानीवर. चौदा एप्रिलची जयंती झाली की दुसऱ्या सकाळी ट्रक निघणार होता.

मायला दमा होता. आत्यानं दवाखान्यातली नळी आणून तिच्या पाठीला लावली, बराच वेळ ऐकलं, अन् कानातून नळी काढताना तिचं तोंड उतरलेलं होतं. "वयनी, खदानीची धूळ तुले सोसनार नाई. तू वापस येनार नाई, सांगून ठेवतो."

माय म्हणाली, "आन इथं राहून का खाऊ?"

मी रडले, भांडले, पाय आपटले, दोन जेवणं सोडली. माय ढिम्म हलली नाही.

आता आमची गंमत ऐका. तेव्हा कोणाला ती गंमत वाटली नव्हती. आम्ही राहतो मध्य प्रदेशात, पण आमचे कान नागपूरकडं. पाऊस येणार का ते नागपूरचा रेडिओ सांगतो, संत्र्यांचा भाव नागपूरचा, सुना नागपूरकडच्या, पेपर शिळा का होईना पण नागपूरचा. मग कायदाही तिकडूनच येत असेल, यात कोणाला शंका येणार? रेडिओवर सांगायचे, मागेल त्याला काम, अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत. आमच्या वस्तीला वाटायचं, हे आपल्यालाच सांगून राहिले. मस्टरवाल्यानं हाकललं तेव्हाही बाया समजल्या ते इतकंच, की आपल्या गावचं काम आपल्याच गावी मागा लागते. आत्यालाही तसंच वाटलं, शपथेवर सांगते. तिनं आमदाराला झकास पत्र लिहिलं. कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांत बोरगावला काम काढावं, नाही निघालं तर भत्ता द्यावा. रजिस्टरनं धाडलं.

उत्तर आलं. टाइप केलेलं, हिंदीत, जेमतेम दोन ओळी. "उक्त अधिनियम महाराष्ट्र राज्य का है, मध्य प्रदेश में लागू नहीं है. सूचनार्थ." बस्स! वस्तीत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच झालं. विहाराच्या पायरीवर बसलेले रिकामटेकडे मला बघून म्हणायचे, "काय वो, आला का तुमचा कायदा नागपूरहून?" मला तं धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या आमदाराचा मला असा संताप आला की विचारू नका. सूचनार्थ म्हणे!

मी तो कागद घेऊन तणतणत पांढुर्ण्याला गेले. आत्यानं चष्मा लावला, वाचलं, परत वाचलं, अन् मग अशी खो खो हसत सुटली की तोंडातली सुपारी उडाली. "बाप्पा बाप्पा! दुसऱ्याच्या घरचं लगन, आन आपन इथं नवे लुगडे नेसून बसलो!" दवाखान्यातल्या दुसऱ्या नर्सांना बोलावून तिनं स्वतःच ती फजिती वाचून दाखवली. दुसरी कोणी असती तर सालभर पत्राचं नाव काढलं नसतं. माझ्यानं तर ते जन्मात झालं नसतं. हसणं ओसरल्यावर तिनं कागदाची घडी घातली अन् म्हणाली, "पन जवाब आला नं? इवायानं जवाब देला म्हंजे बोलनं चालू हाय. आपन म्हनलं कायदा पाळा. ते म्हनते कायदाच नाई. मंग आता म्हनू, कायदा आना. भोपालले सभा बसून हाय, त्याचं कामच ते हाय."

पुढच्या सुटीला ती बोरगावला आली. मी आधीच एक मसुदा करून ठेवला होता. त्यात शोषित होते, पीडित होते, 'जळजळीत अन्याय' होता, शेवटी मतपेटीची धमकीही होती. तिनं तो शांतपणे वाचला अन् म्हणाली, "चांगला हाय. भाषनाले ठेव." मग मला ओढून खाटेवर बसवलं, हातात चहाचा कप दिला. "तू आमदार. बस ऐटीत. वयनी, हा तुहा इवाई आला हाय. बोल त्याच्याशी."

माय म्हणाली, "अवो, का पोरखेळ लावला!" पण आत्या ऐकते होय? शेवटी माय माझ्यापुढं खाली बसली, अन् काय सांगू, तिनं डोक्यावर पदर घेतला. सख्ख्या पोरीपुढं! मला हसू आवरेना. आत्यानं डोळे वटारले. माय जमिनीकडं बघत म्हणाली, "सायेब, आमाले काम पायजे."

आत्यानं मला खुणावलं. मी आमदारासारखा घसा खाकरला. "कामं तर सगळ्यांनाच पाहिजे, बाई. सरकार पैसा आणणार कुठून?"

माय हळूच म्हणाली, "आमी बसून नाई मांगून राहिलो. खोदून देऊ. तलाव गाळानं भरला हाय, थो तं तुमालेबी दिसते."

"असं प्रत्येक गाव म्हणेल. आज तुला काम दिलं, उद्या दुसरी येईल."

"येऊ द्या नं. तिलेबी भूक हाय." आता मायचा पदर डोक्यावरून सरकला होता, त्याचं तिला भान नव्हतं. "सायेब, माही बहीन तिकडं हाय, सख्खी, एका मायच्या पोटची. ते काम मांगते तं तिले हक म्हनते. मी इकडं तेच मांगतो तं भीक म्हनते. मधात एक दगड गाडला हाय सीमेचा, बस. त्या दगडानं तिची भूक येगळी आन माही भूक येगळी केली का?"

माझा कप हातातच राहिला. माय इतकी वाक्यं सलग बोलली, हेच मी पहिल्यांदा बघत होते. आत्या मात्र कधीची खाली मान घालून लिहीत होती. मला तेव्हा कळलं की ती आम्हाला खेळायला लावून स्वतः पत्र लिहून घेत होती. काय डोकं होतं त्या बाईचं!

पत्र झालं ते कागदाच्या एका बाजूत मावलं. पहिल्या ओळीत, तुम्ही लवकर उत्तर दिलंत अन् आमची चूक सांगितलीत, त्याबद्दल आभार. मला ती ओळ गिळवेना. "त्यानं आपली इज्जत काढली आन आपन आभार मानाचे?" आत्या म्हणाली, "खरं हाय तेच लिहिलं. दुसऱ्यानं तं उत्तरबी नसतं देलं." मग मायची गोष्ट, मायच्याच शब्दांत. मग मागणी, एकच. शेजारच्या राज्यात आहे तसा कायदा आपल्याकडंही व्हावा, असं तुम्ही या सत्रात सभागृहात उभं राहून म्हणावं. मी सुचवलं, त्यातच रस्त्याचंही लिहू, शाळेच्या छपराचंही लिहू. आत्यानं हात झटकला. "इवायाकडं गेलं तं पोरीचं बोलाचं. लोनचं आन भांडेबी मांगत बसलं, तं ते लोनचं देऊन वाटे लावन."

अन् सारं पत्र मराठीत असताना मधली चार ओळींची चौकट तिनं हिंदीत लिहायला लावली. आमदाराला मराठी चांगलं येत होतं. मी विचारलं, मग हिंदी कायले? ती म्हणाली, "भोपालात उभं राहून वाचाचं त्याले हाय का तुले? त्याले तिथं भाषांतर कराले लावशीन तं थो खिशातून कागदच काढनार नाई." त्या चौकटीत होतं, 'हमारे गाँव से थोड़ी दूर सीमा का एक पत्थर गड़ा है. पत्थर के उस पार जिस औरत को काम माँगने का हक़ है, उसकी सगी बहन को इस पार नहीं है.' खाली मायचा अंगठा. शेवटची ओळ, उत्तर घ्यायला आम्ही सौसरच्या बाजाराच्या दिवशी स्वतः येतो.

अन् गेलो की! आमदाराच्या ओसरीवर ही गर्दी. बदलीवाले, ठेकेदार, लग्नाच्या पत्रिका घेऊन आलेले. आमची पाळी आली तेव्हा त्यानं टेबलावरच्या ढिगातून आमचं पत्र स्वतःच काढलं. म्हणजे ते वेगळं ठेवलं होतं त्यानं. "हे कोणी लिहिलं?"

आत्यानं मायला पुढं ढकललं. "हात माहा हाय सायेब, बोलनं हिचं हाय."

त्यानं ती हिंदी चौकट तिथंच मोठ्यानं वाचली, जरा आवाज लावून, जसा काही सभागृहात उभा आहे. मग तो मायला म्हणाला, "बाई, मी बोलतो. कायदा होईल असं वचन देत नाही, ते माझ्या एकट्याच्या हातात नाही. बोलायचं वचन देतो." बाहेर आल्यावर मी फणफणले, हे कसलं वचन! आत्या खूश होती. म्हणाली, "खोटं नाई बोलला. लय झालं."

तो बोलला. नागपूरच्या पेपरात आतल्या पानावर, कोपऱ्यात, दोन ओळी आल्या. मंत्र्यांनी विचार करू म्हटलं होतं. विचार करू म्हणजे काय, हे शहाण्याला सांगावं लागत नाही. वस्तीतले म्हणाले, झालं, बसा आता विचार करत. तसा कायदा साऱ्या देशाला पुढं कितीतरी वर्षांनी झाला, तेव्हा आत्या राहिली नव्हती. पण ती पुढची गोष्ट. तेव्हा आमच्यापुढं जयंती होती अन् जयंतीनंतर ट्रक.

जयंतीला माय निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसली, विहारात वंदनेला बसली, अन् घरी येऊन तिनं गठुडं बांधलं. मी तिच्याशी बोललेच नाही. बोलले असते तर रडले असते. सकाळी ट्रक वस्तीच्या तोंडाशी उभा राहिला, माणसं चढू लागली. शेजारीण चढली, तिनं मायला हाक मारली. माय उठली, तोच पहिल्या बसनं उतरलेली आत्या छत्री हलवत आली, ओट्यावर चढली, अन् मायच्या गठुड्यावर फतकल मारून बसली. इस्त्रीच्या पांढऱ्या साडीसकट! "वयनी, चहा टाक. उपाशी निंगालो मी."

"बाई, ऊठ. ट्रक उभा हाय."

"उभा राहू दे. चहा पाज."

मुकादमानं भोंगा वाजवला. मायनं तिचा हात धरून ओढलं, हातापाया पडली, मग चिडली. "माह्या पोटावर पाय देऊन राहिली तू!" माझ्या मायच्या तोंडून मी कधी शिवी ऐकली नव्हती, ती त्या दिवशी ऐकली. आत्या हलली नाही. भोंगा परत वाजला. मग ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला, अन् धूळ उडाली. माय खाली बसून रडू लागली. तेव्हा आत्या उठली, पिशवीतून ज्वारी काढून कोठीत ओतली, अन् तिचेही डोळे भरलेले होते. ती म्हणाली, "इवाई चार लोकांत बोलून बसला हाय, वयनी. सौसरच्या बाजारात तोंड दाखवा लागते त्याले. थांब जराशीक."

मायनं तिच्याशी बोलणं टाकलं. आठवडाभर घरात ज्वारी शिजायची, कोणाच्या घशाखाली उतरायची नाही. मलाही आतून वाटू लागलं होतं की आत्याचं यावेळी चुकलं. अन् मग एका सकाळी तहसीलचा माणूस सायकलवर आला. बोरगावच्या तलावातला गाळ काढायचं काम मंजूर झालं होतं, राहत कार्य म्हणून, म्हणजे सरकारी मदतीचं काम. आमदारानं स्वतः पाठपुरावा केला म्हणाला. मी तं पळतच सुटले, साऱ्या वस्तीत ओरडत. विहाराच्या पायरीवरचे रिकामटेकडे पहिले जाऊन नाव लावून आले, हेही सांगून ठेवते. पहिल्या दिवशी माय चिखलानं माखून घरी आली, चुलीपाशी बसली, अन् पोटभर जेवली. श्वास चांगला चालला होता तिचा. त्या रात्री मी किती दिवसांनी झोपले!

पगाराच्या दिवशी आत्या आली. माय तिच्या गळ्यात पडली, दोघी रडल्या, दोघी हसल्या. मग आत्यानं कागद काढला. काम झालं की आभाराचं पत्र धाडायचं, त्यात ती कधी चुकायची नाही. काम करणाऱ्याला लोक विसरले की तोही लोकांना विसरतो, असं ती म्हणायची. "वयनी, सांग. का लिहू?"

मायनं शेजारणीच्या घराकडं बघितलं. दाराला कुलूप होतं. तिच्या गठुड्यावर बसायला कोणी आलं नव्हतं.

"लिही," माय म्हणाली. "सायेब, काम देलं, तुमचे उपकार झाले. पन ट्रक आठ दिवस आंधी आला. माही शेजारीन चालली गेली. कायदा असता तं तिले तुमच्या उपकाराची वाट पाहा लागली नसती."

मला वाटलं, आत्या आता हे मऊ करणार. तिनं मायकडं पाहिलं, अन् एक शब्द न बदलता लिहून घेतलं.